खिशात पैसे नाहीत, हातात नकाशा नाही : बुद्धाच्या शोधात देशोदेशी फिरलेले धर्मानंद कोसंबी

जळकोटच्या बसस्टँडवर लालपरीची वाट बघत बसलेल्या पोराच्या मोबाईलवर आज काय चालू असतं? कुणीतरी व्लॉगर पाठीला बॅग लावून अफगाणिस्तानात फिरतोय, कुणी तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात तंबू ठोकतोय, कुणी मंगोलियात घोड्यावर बसलाय. जिथं कुणी जात नाही तिथं एकट्यानं जायचं, याची सध्या भारी क्रेझ आहे.

पण या सगळ्यांच्या खिशात काहीतरी असतं. फोनमध्ये नकाशा असतो, बँकेचं कार्ड असतं, भाषा अडली तर भाषांतर करणारं ॲप असतं. अगदीच अडचण आली तर घरी व्हिडिओ कॉल लावता येतो.

आता यातलं एकेक काढून टाका. फोन नाही. पैसे नाहीत. इंग्रजी येत नाही. कुठं जायचं हेही नीट माहीत नाही, कारण जे शोधायचंय ते कुठं मिळतं हे सांगणारं ओळखीत कुणी नाही. वर घरी बायको आणि तान्ही मुलगी.

अशा अवस्थेत १८९९ च्या शेवटी गोव्यातल्या सांखवाळ गावातून २३ वर्षांचा एक तरुण बाहेर पडला. पुढं तो नेपाळला गेला, श्रीलंकेला गेला, ब्रह्मदेशातल्या डोंगरात गुहेत राहिला, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात चार वेळा काम करून आला आणि स्टॅलिनच्या काळातल्या रशियात जाऊन शिकवूनही आला.

त्यांचं नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. आज मराठी माणसाला बुद्ध मराठीत वाचता येतो, त्यात या माणसाच्या पायपिटीचा मोठा वाटा आहे.

नारळाची बाग आणि एक मासिक

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा. गाव सांखवाळ, म्हणजे तेव्हाचा पोर्तुगीज गोवा. घर गौड सारस्वत ब्राह्मणांचं, उत्पन्न नारळाच्या बागेचं. तब्येत लहानपणापासून नाजूक, त्यामुळं शाळा कधी धड झालीच नाही. गावात थोडंफार मराठी शिक्षण झालं, तेवढंच. पोर्तुगीजांच्या राज्यात पुढं शिकायचं तर पोर्तुगीज भाषा हवी, आणि इंग्रजी शिकायचं तर गोव्याबाहेर जायला हवं. दोन्ही जमलं नाही. मग बागेची देखरेख करायची आणि हाताला लागेल ते मराठी पुस्तक वाचायचं, हाच दिनक्रम.

१८९१ मध्ये, त्या काळच्या रीतीप्रमाणं लहान वयातच, बाळाबाईंशी लग्न झालं. पण मन संसारात रमेना. तुकारामांची गाथा वाचली, ती डोक्यात भिनली. घर सोडून जायचं आणि परत यायचं, असले प्रयोगही करून झाले.

अशात त्यांच्या हाती ‘बालबोध’ मासिक आलं. विनायक कोंडदेव ओकांनी मुलांसाठी चालवलेलं हे मासिक त्या काळी महाराष्ट्रभर वाचलं जायचं. त्यात गौतम बुद्धाची गोष्ट होती. लहान मुलांसाठी लिहिलेली, साधी.

ती वाचून धर्मानंदांना वाटलं, आपण शोधत होतो तो हाच. आता या माणसाबद्दल जे काही कळून घेता येईल ते कळून घ्यायचं.

आज हे ऐकायला सोपं वाटतं. तेव्हा ते किती अवघड होतं हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या प्रवासाची गंमत कळणार नाही.

बुद्धाच्या देशात बुद्धच सापडेना

बुद्ध भारतात फिरला, भारतात शिकवलं, भारतात गेला. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भारताच्या बहुतेक भागात बौद्ध धर्म नावापुरताही उरला नव्हता. बुद्धाच्या शिकवणीचे सगळ्यात जुने ग्रंथ म्हणजे त्रिपिटक. ते पाली भाषेत आहेत. हे ग्रंथ भारतातून नाहीसे झाले होते आणि टिकले होते ते समुद्रापलीकडं, म्हणजे श्रीलंका, ब्रह्मदेश आणि सयाममध्ये.

दुसरी अडचण लिपीची. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. लंकेत पाली सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयाममध्ये तिथल्या लिपीत. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीनं १८८१ पासून हे ग्रंथ छापायला घेतले होते, पण ते रोमन लिपीत. देवनागरी वाचणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या गोव्यातल्या तरुणाला यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

थोडक्यात, बुद्ध समजून घ्यायचा तर पाली शिकायला हवी. पाली शिकायची तर परदेशी जायला हवं. आणि तिथं निभायचं तर आधी निदान संस्कृत यायला हवं.

१८९८ मध्ये वडील गेले. १८९९ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव माणिक. आणि त्याच वर्षाच्या शेवटी धर्मानंदांनी घर सोडलं. बाळाबाई आणि तान्ही माणिक गोव्यात राहिल्या.

हा या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. धर्मानंदांनी पुढं जे मिळवलं त्याचा पहिला हप्ता बाळाबाईंनी भरला, आणि तो कुणी त्यांना विचारून घेतला नव्हता.

पुणे, ग्वाल्हेर, काशी

पहिला मुक्काम पुण्याचा. गोव्याहून पुण्याला जाणं म्हणजे तेव्हा एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात जाणं होतं. गोवा पोर्तुगीजांचा, पुणे इंग्रजांचं. (आपलं जळकोटही तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मराठी बोलणारा मुलूख तीन-चार सत्तांमध्ये वाटलेला होता.)

पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडं गेले. संस्कृतच्या अभ्यासात भांडारकरांचं नाव तेव्हा जगभर होतं. त्यांनी या अनोळखी तरुणाला आधार दिला. प्रार्थना समाजाच्या मंडळींत धर्मानंदांचा काही काळ गेला. पण संस्कृत पक्कं करायचं तर काशी गाठायला हवी, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग मध्य भारतातून, ग्वाल्हेर करत, ओळखीपाळखीच्या आधारानं ते १९०० मध्ये काशीला पोहोचले.

काशीत विद्यार्थ्याला फी नव्हती, पण पोट होतं. त्यावरचा उपाय म्हणजे अन्नछत्र. तिथं जे पानात पडेल ते खायचं आणि उरलेला दिवस शास्त्र्यांकडं पाठांतर करायचं. उन्हाळ्यात अंगाची लाही, हिवाळ्यात पुरेसं पांघरूण नाही. असा जवळपास दोन वर्षं अभ्यास झाला. संस्कृत हाताशी आलं.

पुढं हीच संस्कृत त्यांना परदेशात उपयोगी पडली. लंकेतले विद्वान भिक्षू संस्कृत जाणणारे होते. मराठी त्यांना कळत नव्हती, सिंहली यांना येत नव्हती. आजचा प्रवासी परदेशात जे काम इंग्रजीवर चालवतो ते धर्मानंदांनी संस्कृतवर चालवलं.

पहिला परदेश : बंद दारांचा नेपाळ

बुद्ध जन्मला ते लुंबिनी नेपाळच्या हद्दीत. तिथं अजून बौद्ध लोक आहेत एवढं धर्मानंदांच्या कानावर होतं. म्हणून १९०२ च्या सुरुवातीला ते काशीहून नेपाळकडं निघाले.

आज काठमांडूला विमानानं दीड-दोन तासांत पोहोचता येतं. तेव्हाचा नेपाळ वेगळा होता. सत्ता राणा घराण्याच्या हातात होती आणि बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय आत येऊ दिलं जात नसे. भारतातल्या हिंदू यात्रेकरूंना मुख्यतः महाशिवरात्रीच्या सुमाराला पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी वाट मोकळी व्हायची. मैदानातून काठमांडूच्या खोऱ्यात जाणारा मोटारीचा रस्ता तयार व्हायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. त्याआधी तराईचं जंगल आणि त्यामागचे डोंगर पायी ओलांडणं एवढाच मार्ग होता.

एवढी धडपड करून धर्मानंद काठमांडूत पोहोचले आणि निराश झाले. स्तूप होते, पूजा होती, कर्मकांड होतं. पण त्यांना हवी असलेली बुद्धाची शिकवण, तिचा अभ्यास, तो शिकवणारा कुणी, हे त्यांना तिथं सापडलं नाही.

एखादा तिथूनच घरी परतला असता. धर्मानंद बोधगयेला गेले. ज्या झाडाखाली बुद्धाला बोध झाला ती जागा पाहिली. तिथं भेटलेल्या भिक्षूकडून त्यांना पुढचा पत्ता मिळाला : पाली शिकायचीय तर लंकेला जा.

लंका : जिथं पाली सापडली

बोधगयेहून कलकत्ता. तिथं महाबोधी सभेचं काम चालायचं. लंकेच्या अनागारिक धर्मपालांनी १८९१ मध्ये ही संस्था काढली होती आणि भारतातल्या बौद्ध स्थळांसाठी ती झगडत होती. कलकत्त्यातल्या लोकांनी मदत केली आणि धर्मानंद दक्षिणेकडं निघाले. १९०२ मध्येच ते बोटीनं कोलंबोला उतरले.

तेव्हा भारतातून बाहेर जायला पासपोर्ट असलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आली. त्यामुळं कागदपत्रांची अडचण नव्हती. अडचण होती ती तिकिटाच्या पैशांची आणि समाजाची. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारे लोक तेव्हा घरोघरी होते.

कोलंबोला विद्योदय परिवेण नावाचं विद्यापीठ होतं. १८७३ मध्ये हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी ते सुरू केलं होतं. बौद्ध जगात सुमंगलाचार्यांचा शब्द मोठा. गोव्याहून फिरत फिरत आलेल्या या तरुणाला त्यांनी आपल्याकडं ठेवून घेतलं. धर्मानंदांनी तिथं श्रामणेर दीक्षा घेतली, म्हणजे भिक्षू होण्याआधीची पायरी, आणि पालीचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी सिंहली लिपी शिकावी लागली, ती शिकले.

इथं अडलं ते जेवणावर. लंकेतल्या जेवणात मासे-मांस असायचं आणि धर्मानंद ते खात नव्हते. भिक्षूंच्या नियमाप्रमाणं दुपारी बारानंतर जेवायचं नाही. म्हणजे सकाळी जे मिळेल त्यातलं निम्मं बाजूला सारायचं आणि पुढं दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी. तब्येत खालावत गेली. पण ज्यासाठी ते घर सोडून आले होते ते इथं रोज समोर होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते त्रिपिटकातलं पान मूळ भाषेत वाचत होते.

ब्रह्मदेशातली गुहा

१९०३ मध्ये ते लंकेहून मद्रासला आले आणि तिथून ब्रह्मदेशाला गेले. आजचं म्यानमार तेव्हा इंग्रजांच्या हिंदुस्थानचाच प्रांत होतं. मंडालेचं राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये बुडवलं होतं, पण विहार आणि भिक्षू जागेवरच होते. ब्रह्मदेशात धर्मानंदांनी पूर्ण भिक्षुदीक्षा घेतली आणि आणखी एक लिपी शिकून घेतली.

त्यांच्यासोबत एक जर्मन भिक्षू होते, न्यानतिलोक. युरोपातून येऊन भिक्षू झालेल्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. एक गोव्याचा आणि एक जर्मनीचा, असे दोघं सगाईंगच्या डोंगरात गेले. इरावती नदीच्या काठावरचा हा डोंगराळ भाग ध्यान करणाऱ्या भिक्षूंसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका गुरूच्या हाताखाली दोघांनी गुहेत राहून ध्यान केलं. न्यानतिलोक पुढं लंकेत स्थायिक झाले आणि त्यांचं नाव जगभर झालं.

मधल्या काळात धर्मानंद भारतात येऊन बुद्धाशी जोडलेल्या जागा पाहत फिरले. कुशिनारा, जिथं बुद्ध गेला. राजगीर, श्रावस्ती, कपिलवस्तू, लुंबिनी. आज इथं मोठमोठी हॉटेलं आणि पर्यटकांच्या बस आहेत. तेव्हा यातल्या बऱ्याच जागा रानात होत्या. लुंबिनीचा अशोकाचा स्तंभ तर १८९६ मध्येच ओळखला गेला होता. म्हणजे बुद्ध नेमका कुठं जन्मला हे जगाला खात्रीनं कळून जेमतेम काही वर्षं झाली होती.

भिक्षूनं पैशाला हात लावायचा नाही, असा नियम. त्यामुळं या प्रवासात चालता येईल तिथं चालायचं, भिक्षापात्रात पडेल ते खायचं आणि रेल्वेनं जायची वेळ आली तर कुणीतरी तिकीट काढून देईपर्यंत थांबायचं. बजेट ट्रॅव्हल म्हणतात ते याच्यापुढं फिकं आहे.

चीवर उतरवलं

१९०६ मध्ये धर्मानंदांनी मोठा निर्णय घेतला. भिक्षूची वस्त्रं उतरवली.

कारण असं की, त्यांना हे ज्ञान आपल्या लोकांपर्यंत न्यायचं होतं आणि भिक्षूच्या नियमांत राहून भारतात ते काम करणं अवघड जात होतं. बंगालमध्ये तेव्हा स्वदेशीची चळवळ पेटली होती. कलकत्त्यात राष्ट्रीय महाविद्यालय सुरू झालं होतं. तिथं धर्मानंद पाली शिकवू लागले. पुढं कलकत्ता विद्यापीठातही त्यांना पालीचं काम मिळालं. ज्यांनी शाळेची परीक्षाही दिली नव्हती ते आता विद्यापीठात शिकवत होते.

याच वेळी ते गोव्याला गेले. घर सोडल्याला जवळपास सात वर्षं होत आली होती. जाताना तान्ही असलेली माणिक आता चालती-बोलती मुलगी झाली होती. संसार पुन्हा सुरू झाला. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला, त्याला आजोबांचं नाव मिळालं, दामोदर.

हे दामोदर म्हणजे डी. डी. कोसंबी. गणितज्ञ आणि भारताचा प्राचीन इतिहास नव्या नजरेनं मांडणारे इतिहासकार. अनेकांना आज मुलगा माहीत असतो, वडील नसतात.

महिना ५० रुपये, अट एकच

कलकत्त्यात बस्तान बसत होतं. पण धर्मानंदांना काम करायचं होतं ते मराठी मुलखात. ही संधी दिली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी.

सयाजीरावांनी त्यांना महिना ५० रुपये वेतन तीन वर्षांसाठी देऊ केलं. अट अशी की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहायचं आणि अभ्यास करून संस्थानासाठी लिहायचं. कलकत्त्यात यापेक्षा जास्त पगार मिळत असताना धर्मानंदांनी हे ५० रुपये निवडले.

बडोद्यात त्यांनी व्याख्यानं दिली. ती ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावानं पुस्तकरूपात आली. इंग्रजीतून उसनी न घेतलेली, थेट पाली ग्रंथ वाचून लिहिलेली बुद्धाची ओळख मराठी वाचकाला यातून मिळाली.

गोव्याचा माणूस हार्वर्डमध्ये

अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात एक काम अडून पडलं होतं. ‘विसुद्धिमग्ग’ हा पाचव्या शतकात बुद्धघोषानं लंकेत लिहिलेला ग्रंथ. ध्यान कसं करायचं, मन कसं ओळखायचं याचा हा पाली भाषेतला सगळ्यात मोठा मार्गदर्शक. हेन्री वॉरन नावाच्या अभ्यासकानं त्याची शुद्ध प्रत तयार करायला घेतली होती, पण १८९९ मध्ये ते वारले. योगायोग बघा, त्याच वर्षी धर्मानंदांनी घर सोडलं होतं.

हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्याशी ओळख झाली आणि १९१० मध्ये धर्मानंदांना अमेरिकेचं बोलावणं आलं. तिथं चार्ल्स लॅनमन या नावाजलेल्या प्राध्यापकासोबत काम करायचं होतं.

काम जोरात झालं. वाद झाला तो नावावरून. ग्रंथावर संपादक म्हणून कुणाचं नाव लावायचं, मेहनतीचं श्रेय कुणाला, यावर लॅनमन आणि धर्मानंद यांचं जमेना. धर्मानंदांनी माघार घेतली नाही. काम अर्धवट ठेवून १९१२ मध्ये ते परत आले.

याच मुक्कामात त्यांनी अमेरिकेतल्या कामगारांचे प्रश्न जवळून पाहिले, समाजवादाचं वाचन केलं. बुद्धाचा विचार आणि गरिबांचा प्रश्न या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात इथून पुढं वेगळ्या राहिल्या नाहीत.

परत आल्यावर १९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत असे पालीचे अभ्यासक तयार झाले. पुढच्या काळात महाराष्ट्रात पाली शिकवली गेली ती बरीचशी याच साखळीतून.

१९१८ मध्ये हार्वर्डनं पुन्हा बोलावलं. या वेळी ते माणिक आणि दामोदर यांना सोबत घेऊन गेले. मुलं अमेरिकेत शिकली. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इकडंच राहिल्या. म्हणजे घर पुन्हा दोन खंडांत वाटलं गेलं.

१९२२ मध्ये परत आल्यावर महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केलं. तिथं असताना, १९२४ मध्ये, ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आलं. वर सांगितलेला सुरुवातीचा प्रवास त्यात त्यांनी अगदी सरळपणे मांडलाय. फुशारकी नाही, आणि घर सोडून जाण्यावर पांघरूण घालणंही नाही.

लेनिनग्राडची थंडी आणि शिरोड्याचं मीठ

त्यानंतर १९२६-२७ ला तिसरी अमेरिका वारी झाली आणि १९२९ मध्ये धर्मानंद रशियाला गेले.

क्रांतीनंतरचा रशिया म्हणजे तेव्हा जगापासून तुटलेला देश. लेनिनग्राडमध्ये श्चेरबात्स्की या विद्वानामुळं बौद्ध अभ्यासाचं मोठं केंद्र उभं राहिलं होतं. तिथं धर्मानंदांनी पाली शिकवली. समाजवाद पुस्तकात वाचला होता, तो प्रत्यक्षात कसा दिसतो हे त्यांना बघायचं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, पोटाच्या दुखण्यानं बेजार असलेल्या माणसाला तिथली थंडी मात्र मानवली नाही.

१९३० मध्ये ते भारतात आले तेव्हा देशात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. रशियाहून आलेले प्राध्यापक शिरोड्याच्या मिठागरावरच्या सत्याग्रहात उतरले. विलेपार्ल्याच्या छावणीत काम केलं आणि तुरुंगातही गेले.

१९३१-३२ मध्ये चौथ्यांदा हार्वर्डला जाऊन त्यांनी विसुद्धिमग्गाचं काम एकदाचं पूर्ण केलं. तो ग्रंथ हार्वर्डकडून छापून आला १९५० मध्ये. तोपर्यंत धर्मानंद हयात नव्हते. पण वॉरन यांच्यासोबत धर्मानंद कोसंबी हे नाव त्यावर आहे. दरम्यान त्यांनी स्वतः देवनागरीत केलेली आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनानं काढली होती. ज्या लिपीच्या अडचणीमुळं त्यांना देशोदेशी फिरावं लागलं, ती अडचण निदान या ग्रंथापुरती त्यांनी पुढच्यांसाठी दूर केली.

परळचा विहार आणि एक अवघड प्रश्न

१९३७ मध्ये मुंबईत परळच्या गिरणगावात त्यांनी ‘बहुजन विहार’ सुरू केला. गिरणी कामगार आणि दलित वस्तीतल्या लोकांसाठी. हार्वर्ड आणि लेनिनग्राड बघून आलेला माणूस आता चाळींच्या मधोमध बसून बुद्ध सांगत होता.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक ‘भगवान बुद्ध’ याच्या थोडं नंतर आलं. त्यात त्यांनी एका लाडक्या गोष्टीलाच हात घातला. सिद्धार्थानं म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिले आणि झोपलेल्या बायको-मुलाला सोडून तो रात्री गुपचूप निघून गेला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. धर्मानंदांनी जुन्या पाली सुत्तांच्या आधारानं दाखवलं की ही कथा नंतरच्या काळात रचली गेली. जुन्या सुत्तात बुद्ध आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत घर सोडतो. आणि कारण काय? तर शाक्य आणि कोलिय या दोन कुळांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारी भांडणं, हातात शस्त्र घेऊन एकमेकांवर धावून जाणारे नातेवाईक, हे सगळं बघून आलेली उबग.

पाण्यावरून होणारी भांडणं म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं समजवायची गरज नाही.

रोहिणीच्या पाण्याचा हा संदर्भ पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही महत्त्वाचा ठरला.

ज्या माणसानं स्वतः बायको आणि तान्ही मुलगी मागं ठेवून घर सोडलं, त्यानं बुद्धाच्या गृहत्यागाचा असा बारकाईनं शोध घ्यावा, हे लक्षात घेण्यासारखं आहे. घर का सोडलं, कसं सोडलं, सांगून की न सांगता, हे प्रश्न त्यांच्यासाठी फक्त पुस्तकातले नव्हते.

शेवटचा प्रवास

सत्तरीला आल्यावर आजारानं शरीर थकलं. आता आपल्या हातून काम होत नाही आणि दुसऱ्यांवर ओझं होऊन जगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांनी अभ्यास केला होता. त्या वाटेनं, अन्न सोडून शरीर ठेवायचं असा निश्चय झाला. गांधीजींनी त्यांना एकदा यापासून परावृत्त केलं. शेवटी १९४७ च्या उन्हाळ्यात सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी उपवास सुरू केला आणि जूनमध्ये ते गेले. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा अडीच महिनेही राहिले नव्हते. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली.

मग या प्रवासातून उरलं काय?

धर्मानंद गेल्यानंतर नऊ वर्षांनी, १९५६ मध्ये, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मराठवाड्यातही गावोगावी विहार उभे राहिले. या लोकांना बुद्ध आपल्या भाषेत वाचायचा होता, आणि मराठीत थेट पालीवरून लिहिलेली पुस्तकं तोपर्यंत तयार होती.

आज जळकोट, उदगीर, नांदेडच्या भागात एखाद्या विहारात संध्याकाळी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं जातं ते पालीत. म्हणणाऱ्या पोरासमोरचं पुस्तक देवनागरीत असतं आणि अर्थ मराठीत दिलेला असतो. त्या पोराला कोलंबोला जाऊन सिंहली लिपी शिकावी लागत नाही.

प्रवास करून माणूस काय घेऊन येतो, यावरून त्याचा प्रवास मोजायचा झाला तर धर्मानंदांचं पारडं जड आहे. ते एक आख्खी भाषा घेऊन आले. पण त्या हिशेबात एक ओळ बाळाबाईंच्या नावानंही लिहायला हवी. नवरा कुठल्या देशात आहे हे माहीत नसताना, हातात तान्ही मुलगी घेऊन काढलेली सात वर्षं हाही एक प्रवासच होता.